मादी: अज्ञात

डॉक्टर एचांदींनी माझ्या ढेकणाला चार किलोमीटर हलवलं, आणि तेही राजधानीतल्या आपल्या खुर्चीवरून न उठता.

मला हे कळलं एका गुरुवारी, अकराच्या बसमुळे. ड्रायव्हरनं खिडकीतून पिवळा लिफाफा बाहेर धरला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दोन्या नोएमी, संग्रहालयातून आलंय. ढेकणांनी चिठ्ठी धाडलीय वाटतं!"

"तुमच्या सीटमधल्यांनीच धाडली असेल," मी म्हटलं आणि लिफाफा घेतला. 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब, पण ते नावापुरतंच.

आमच्या आल्मेन्द्रोस गावात हा विनोद एकवीस वर्षं चालू आहे. मी नदीकाठच्या संशोधन केंद्रात स्वयंपाकीण होते, तेव्हा संग्रहालयानं ठरवलं की गावातल्याच माणसांना किडे गोळा करायला शिकवायचं. सहा महिन्यांचा वर्ग निघाला. नऊ पुरुष आणि मी. शाळा मी सहावीपर्यंत केलेली. पहिल्याच दिवशी पुरुषांनी फुलपाखरं वाटून घेतली, मग चमकणारे भुंगे वाटून घेतले, आणि ढेकूण उरले ते माझ्या ताटात पडले. गादीतले नव्हेत; झाडावरचे. पाठीवर ढाल, पोटाखाली दुमडलेली सोंड, आणि हात लावला तर बोटांना दोन दिवस कोथिंबिरीसारखा वास. त्या नऊ जणांपैकी आज एक टॅक्सी चालवतो, तिघं अननसाच्या शेतात आहेत, बाकीचे कुठे आहेत देव जाणे. मी अजून उलटी छत्री घेऊन रानात जाते, फांदीखाली धरते, काठीनं फांदी झोडते आणि छत्रीत काय पडलं ते बघते.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी लिफाफा फोडला. टेबलाखाली कुत्रा पाय पसरून पडला होता. "सरका तुम्ही जरा," मी त्याला म्हटलं; आमच्याकडे नवरा-बायकोपासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांना 'तुम्ही'च. सरकला नाही.

आत संग्रहालयातले कीटकतज्ज्ञ डॉक्टर एचांदी यांच्या शोधनिबंधाची चौदा पानं होती, अजून छापायची होती ती, आणि वर एक पत्र. डॉक्टरांनी प्रेमानं लिहिलं होतं. मी सहा वर्षांपूर्वी पाठवलेले चार नमुने पेटीत तसेच पडून होते, ते आता कुठे त्यांनी बघितले, आणि ही जात विज्ञानाला सर्वस्वी नवी आहे. अननस कंपनीनं रंगीत चित्रांची छपाई उचलली आहे, म्हणून कृतज्ञतेनं जातीला कंपनीचे मालक श्रीयुत लिस्कानो यांचं नाव दिलं आहे. पुढे लिहिलं होतं, "आनंदाची गोष्ट अशी की, ही जात कंपनीच्याच राखीव रानात सापडते, म्हणजे ती सुरक्षित आहे."

हे वाक्य मी तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं.

कंपनीचं राखीव रान म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. हमरस्त्याच्या फाट्यावर तारेचं कुंपण घातलेला तुकडा, आत बाकडं, शोभेची पामची झाडं आणि टुकान पक्ष्याच्या चित्राची पाटी. तिथे कोपालचीचं एकही झाड नाही. आणि माझा ढेकूण कोपालची सोडून कशावरही बसत नाही. कोपालचीची झाडं आहेत ओढ्यावरच्या उतारावर. सात. मी मोजलेली आहेत, प्रत्येकाला ओळखते.

पानं उलटली. नराच्या मागच्या अवयवाची चार चित्रं होती, चारही बाजूंनी, इतकी बारीक की बघताना मलाच संकोच वाटला. मिशांची प्रत्येक गाठ मोजलेली. ढालीवरचे पिवळे ठिपके मोजलेले. आणि अकराव्या पानावर, एका ओळीत: "मादी: अज्ञात."

कुणाला अज्ञात?

अकरा वर्षं मी त्या मादीकडे बघते आहे. ती पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते, चाळीसेक, दाटीवाटीनं, आणि त्यांच्यावर उभी राहते. मुंगी आली की त्या बाजूला ढाल कलती करते. गांधीलमाशीची जात असते एक, डोळ्याला जेमतेम दिसणारी, ती अंड्यांत आपली अंडी सोडायला टपलेली असते. तिला ही पायानं झटकते. पिल्लं बाहेर आली की तिच्या पोटाखाली घोळका करून बसतात, आणि त्यांनी पहिली कात टाकून पांगापांग करेपर्यंत ती तिथून हलत नाही. अठरा दिवस. या अठरा दिवसांत ती एकदाही सोंड पानात खुपसत नाही. म्हणजे जेवत नाही.

पण खरं सांगायचं तर "अज्ञात" हा शब्द माझ्यामुळेच तिथे आला होता. वर्गात शिकवलं होतं की नर-मादी दोन्ही पाठवायचे. मी नर पाठवले. आई अंड्यांवर उभी असताना माझ्या हातानं किडे मारायच्या बाटलीचं झाकण निघत नाही. अंड्यांवर नसेल तेव्हा ती कुठे जाते ते मला बरीच वर्षं कळलंच नव्हतं, आणि कळलं तोवर पाठवण्याची सवय मोडली होती.

शेवटच्या पानावर आभार होते. कंपनीचे, लिस्कानोसाहेबांचे, चित्रकाराचे, डॉक्टरांच्या पत्नीचे, आणि "नमुने जमवणाऱ्या एका स्थानिक रहिवाशाचे".

माझा नवरा बेर्नाल शेडमधून आला तेव्हा मी टेबलावर हात आपटत होते.

"कोण मेलं?" त्यानं विचारलं.

"अजून कोणी नाही. पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला मरेल."

चौदा तारखेला सुनावणी होती. चर्चच्या दारावर नोटीस लावलेली होती: ओढ्यावरचा उतार साफ करून तिथे अननस लावायला कंपनीनं परवानगी मागितली होती. आम्ही गावातल्या बारा-पंधरा जणांनी हरकत नोंदवली होती, आणि हरकतीत मी त्या ढेकणाचंच नाव पुढे केलं होतं, म्हणजे तेव्हा त्याला नाव नव्हतं, "एक वेगळा ढेकूण" एवढंच. आता कंपनीच्या हातात डॉक्टरांचा कागद येणार होता: ढेकूण आमच्या रानात आहे, सुखात आहे, उतारावर त्याचं काही काम नाही.

"पण डॉक्टरांनी फाटा कुठून काढला?" बेर्नालनं विचारलं. "तुम्ही काय लिहून पाठवलं होतं?"

मी माझी वही आणली. लेबल नखाएवढं असतं, टाचणीवर किड्याच्या खाली बसेल इतकं. त्याच्यावर सगळं मावायला हवं: देश, प्रांत, जागा, तारीख, कोणी पकडला. वहीत मी लेबलाची नक्कल ठेवते. त्यात माझ्याच अक्षरात होतं: "ला आमिस्ताद, ६०० मी. उत्तर."

बेर्नालनं वाचलं. "मग बरोबर तर आहे."

"बरोबर आहे ना?"

"शंभर टक्के बरोबर. आमिस्तादपासून वर सहाशे मीटर, तिथेच आहेत झाडं."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, आणि मग दोघांच्याही एकदम लक्षात आलं.

ला आमिस्ताद हे तोबियासचं किराणा दुकान होतं, आणि ते जळून सतरा वर्षं झाली. तोबियासनं त्यानंतर फाट्यावर नवीन दुकान बांधलं आणि जळक्या दुकानाची पाटी, जी कशी कोण जाणे वाचली होती, तीच नव्यावर ठोकली. पण ते दुकान आमच्यासाठी "तोबियासकडे". आमिस्ताद म्हणजे जिथे आता नुसती सिमेंटची पायरी आणि वेड्यासारखी वाढलेली पपई आहे, ती जागा. माझं घर आमिस्तादपासून दोनशे मीटर दक्षिणेला. दवाखाना आमिस्तादच्या समोर. आमच्या गावात जन्मलेल्या, सतरा वर्षांहून लहान पोरांनी ते दुकान कधी पाहिलेलं नाही, तरी पत्ता विचारला तर तीही तिथूनच मोजतात. लेबलावर "जुनी" लिहायला जागा नव्हती, हे एक. पण दुसरं म्हणजे, जागा असती तरी मी लिहिलं नसतं. कोण लिहितं?

संग्रहालयात कोणीतरी नकाशा उघडला असणार, "ला आमिस्ताद" शोधलं असणार, फाट्यावर सापडलं असणार, उत्तरेला सहाशे मीटर पट्टी लावली असणार, आणि टिंब बरोबर टुकानच्या पाटीवर पडलं.

मी डॉक्टरांना फोन लावला.

"दोन्या नोएमी! पोचलं का? काय, कसं वाटलं?"

"डॉक्टर, जागा चुकलीय."

मी सगळं सांगितलं. तिकडून बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला.

"लेबल तुमच्याच अक्षरात आहे," शेवटी ते म्हणाले.

"हो, माझ्याच. माझीच चूक. म्हणून तर सांगतेय."

"हे बघा, माझ्यासाठी लेबल हा पुरावा. सहा वर्षांनी फोनवर कोणी सांगितलं म्हणून मी लेबल बदलायला लागलो तर उद्या कोणीही काहीही सांगेल. आणि नकाशा आता कंपनीकडे गेलाय. त्यांनी फाट्यावर या ढेकणाच्या चित्राची पाटीसुद्धा लावली म्हणे."

"कुणी सांगितलं म्हणजे? ज्या बाईनं पकडला ती सांगतेय!"

"चिडू नका."

"मी चिडलेली नाही," मी इतक्या जोरात म्हटलं की कुत्रा टेबलाखालून उठून अंगणात गेला.

डॉक्टरांनी विषय बदलला. आवाज मऊ केला. "एक विचारायचं होतं. कागद तपासणाऱ्यांनी मादी मागितलीय. मादीशिवाय वर्णन अर्धवट वाटतं म्हणतात. तुमच्याकडे एखादी असेल का? कुठे दिसली होती का कधी?"

मी झाडं डोळ्यांसमोर आणली. पहिल्यावर दोन, तिसऱ्यावर एक, ओढ्याकडच्या वाकड्या झाडावर तीन.

"आज सहा आहेत," मी म्हटलं.

तिकडे खुर्ची करकरली.

"सहा? मग पाठवा की एक! बसनंच पाठवा, स्पिरिटमध्ये."

"पाठवणार नाही. तुम्ही न्यायला या."

ते आले, पुढच्या मंगळवारी. आधी कंपनीच्या राखीव रानात गेले, हे मला नंतर कळलं. तिथे अख्खी सकाळ पामच्या झाडांना जाळी लावून बघितलं आणि त्यांना एक झुरळ सापडलं. मग फाटकावरच्या पहारेकऱ्याला त्यांनी माझं घर विचारलं. पहारेकरी म्हणजे एव्हेलियो, माझ्या मावशीचा मुलगा. कंपनीचा गणवेश, कंपनीची शिट्टी. एव्हेलियोनं चोख पत्ता दिला: आमिस्तादपासून दोनशे मीटर दक्षिणेला, निळं दार.

दुपारी दोनच्या सुमाराला दारात डॉक्टर उभे राहिले तेव्हा गुडघ्यापर्यंत लाल चिखल होता, बाह्या अननसाच्या पात्यांनी ओरबाडलेल्या होत्या आणि चेहरा टोमॅटो झालेला.

"दीड तास!" ते म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही. "दीड तास फिरतोय मी! काय पत्ते देता तुम्ही लोक! दुकानापासून दोनशे मीटर दक्षिणेला गेलो तर नुसते अननस! अजून दोनशे गेलो, अजून अननस! निळं दार कुठे?"

मी त्यांना खुर्ची दिली. पाणी दिलं. त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत थांबले.

"कुठल्या दुकानापासून मोजलंत, डॉक्टर?"

"आमिस्तादपासून! तुमच्या त्या माणसानं सांगितलं तसं! पाटी आहे ना चांगली हातभर अक्षरांत!"

"ते तोबियासकडे. आमिस्ताद जळून सतरा वर्षं झाली."

बेर्नाल दारात उभा होता. तो आधी खोकला, मग मात्र त्याला राहवेना. हसत हसतच शेडमध्ये गेला आणि तिथूनही त्याचं हसणं ऐकू येत राहिलं.

डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होते. हुशार माणूस, दोनदा सांगावं लागलं नाही. जी चूक त्यांच्या नकाशानं केली होती, तीच त्यांच्या पायांनी केली होती, आणि पुरावा गुडघ्यापर्यंत लागलेला होता.

पण हुशार माणूस कळलं म्हणून लगेच कबूल करतो असं थोडंच आहे?

"समजा तुमचं बरोबर आहे," त्यांनी बूट काढता काढता म्हटलं. "तरी लेबलावर जे नाही ते मी छापणं अवघड आहे. कंपनीनं छपाई उचललीय, नकाशा त्यांच्या अर्जाला जोडलाय. आता मी जागा बदलली तर... तुम्ही समजून घ्या." मग जरा पुढे झुकले. "मी एक सुचवू? नाव बदलता येईल. अजून छापलेलं नाही. लिस्कानोसाहेबांना मी सांगेन काहीतरी, एखादा भुंगा देईन त्यांना. या जातीला तुमचं नाव देतो. नोएमीचा ढेकूण. लॅटिनमध्ये, कायमचं. तुम्ही-आम्ही गेल्यावरसुद्धा जगभर तुमचं नाव राहील. फक्त जागेचं राहू द्या."

मला मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. एकवीस वर्षं "एक स्थानिक रहिवासी" असल्यावर लॅटिन नाव म्हणजे काय, हे ज्याला कुणी कधी विसरलं नाही त्याला कळणार नाही. मी उठले, फडक्यातून कॉफी गाळली. थोडी ओट्यावर सांडली. माझं नाव घेऊन तो ढेकूण टुकानच्या पाटीशेजारी, जिथे तो कधी गेला नाही तिथे कायमचा राहणार, आणि वर उतारावर ट्रॅक्टर फिरणार. म्हणजे माझ्याच नावानं त्यांना पुरायचं.

"डॉक्टर," मी कप त्यांच्यापुढे आदळला, "त्याला लिस्कानोचं नाव ठेवा, लिस्कानोच्या घोड्याचं ठेवा, मला त्याचं काही नाही. तुम्ही मला काय समजलात? नाव दिलं की बाई गप्प बसते?"

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. आता ऐका. मादी मी देते. माझ्या हातानं पकडलेली, माझ्या हातानं लेबल लावलेली. त्या लेबलावर ओढ्यावरचा उतार असेल, आणि या वेळी 'जुनी' असेल, मग अक्षर मुंगीएवढं काढावं लागलं तरी चालेल. ती छापायची तर लेबलासकट छापायची. आणि मग तुम्हाला असंही छापावं लागेल की या जातीचा नर फाट्यावर कंपनीच्या बागेत राहतो आणि बायको चार किलोमीटरवर ओढ्याकाठी. छापा तसं. तुमचे ते कागद तपासणारे काय म्हणतात बघू."

डॉक्टरांनी कप तोंडाला लावला, पण प्यायले नाहीत.

"चला," कप खाली ठेवून ते म्हणाले, "दाखवा."

वाकड्या झाडाची खालची फांदी मी हलकेच वाकवली आणि पान उलटलं. ती होती. मातकट, नरासारखे पिवळे ठिपके नाहीत, म्हणून शेजारी शेजारी ठेवले तरी कोणाला जोडपं वाटू नये अशी. पोटाखालून पिल्लं डोकावत होती, लाल, तिळाएवढी. डॉक्टरांची सावली पानावर पडली तशी तिनं ढाल त्यांच्याकडे कलती केली.

"अरे!" डॉक्टर म्हणाले. मग अगदी हळू: "अरे, ही तर..." आणि त्यांचा हात खिशात गेला. बाटलीकडे.

"नाही," मी म्हटलं.

"दोन्या नोएमी, हीच तर हवीय."

"हिची पिल्लं अजून कात टाकायचीत. तीन दिवस. मग ती पांगतात, हिचं काम संपतं. तेव्हा न्या."

"तीन दिवस! माझं शुक्रवारी व्याख्यान आहे!"

"मग व्याख्यान द्यायला जा."

"इथे दुसऱ्या पाच असतील ना?"

"त्यांची तर अंडीसुद्धा फुटलेली नाहीत."

"एक ढेकूण हो, बाई! तुम्ही हजारो मारलेत आजवर!"

"मारलेत. पोरं पोटाखाली असताना एकही नाही."

ते राहिले. बेर्नालनं शेडमध्ये खाट टाकून दिली. मला वाटलं होतं तणतणतील, पण पहिल्या दिवसानंतर त्यांनी घड्याळ बघणं सोडलं. सकाळी भात-राजम्याचा गाय्यो पिंतो खाऊन, वर गुळाचं गरम पाणी पिऊन उतारावर जायचे, तिपाई टाकून त्या पानासमोर बसायचे आणि वहीत लिहायचे. एकदा मी जेवण घेऊन गेले तर पुटपुटत होते, "पायानं झटकली. मुंगी पायानं झटकली हिनं!" कुणाशी बोलत होते कोण जाणे. मी ताट खाली ठेवलं. अकरा वर्षांपूर्वी मीही अशीच तिथे बसून एकटीनं बडबडले होते, फरक इतकाच की तेव्हा टिपून घ्यायला कोणी डॉक्टर नव्हता.

गावातल्यांनाही कळलं. येता-जाता लोक थांबायचे. "काय डॉक्टर, बाळंतीण कशी आहे?" तोबियास स्वतः फाट्यावरून आला, सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि डॉक्टरांना हाताला धरून पपईखालच्या सिमेंटच्या पायरीवर घेऊन गेला. "ही आमिस्ताद," तो म्हणाला. "इथे माझा वजनकाटा होता. इथे मी बसायचो. नकाशावाल्यांना सांगा." डॉक्टरांनी त्या पायरीवरून उत्तरेला पावलं मोजत चालायला सुरुवात केली. पहिल्या कोपालचीशी पोचले तेव्हा थांबून त्यांनी आकडा लिहिला. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण बेर्नाल त्यांच्या मागोमाग चालत होता. तो म्हणाला, पाचशे ऐंशी.

शुक्रवारी सकाळी पानावर लाल सालपटं पडलेली होती आणि पिल्लं फांदीभर पांगली होती. ती मात्र तिथेच उभी होती, रिकाम्या अंड्यांवर. काम संपल्याचं तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी बाटली काढली आणि माझ्याकडे बघितलं. "मी करू?"

"नाही. पकडणाऱ्याचं नाव माझं आहे."

मी बाटली पानाखाली धरली आणि बोटानं तिला आत ढकललं. झाकण लावलं. कोथिंबिरीचा वास सुटला. अठरा दिवसांच्या उपाशी जिवाला किती वेळ लागणार? लागला तेवढा वेळ मी बाटली हातात धरून उभी राहिले, आणि डॉक्टरांनी टोपी काढली, उकडत असेल म्हणून.

टेबलावर मी तिला टाचणी लावली. ढेकणाला टाचणी मधोमध मारत नाहीत, ढालीच्या उजव्या बाजूला मारतात, म्हणजे मधली रेघ शाबूत राहते. मग लेबल घेतलं, बारीक टोकाचं पेन घेतलं आणि श्वास रोखून लिहिलं: "जुनी ला आमिस्ताद (जळालेली), ६०० मी. उत्तर, ओढ्यावरचा उतार, कोपालचीवर. नो. चाव्हारिया."

डॉक्टरांनी भिंगातून वाचलं. "पाचशे ऐंशी," ते म्हणाले.

"तुमची पावलं मोठी आहेत," मी म्हटलं.

त्यांनी पिशवीतून चौदा पानांची आपली प्रत काढली, नकाशावर आडवी काट मारली, आणि माझ्यासमोर, माझ्याच पेननं, जागा नव्यानं लिहिली. आभारातला "स्थानिक रहिवासी"सुद्धा खोडला. जातीचं नाव मात्र त्यांनी तसंच ठेवलं. "आता तेही काढलं तर लिस्कानो छपाई थांबवतील," ते म्हणाले, "आणि चौदा तारखेच्या आत छापून यायला हवं ना?" त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जो खट्याळपणा होता तो फोनवर त्यांच्या आवाजात मी कधी ऐकला नव्हता.

सुनावणीला कंपनीचा वकील सूट घालून आला होता. त्यानं अर्ज वाचला, राखीव रानाचा फोटो दाखवला. मग अधिकारी बाईंनी छापून आलेला कागद पुढे ओढला. तरुण बाई, नाकावर चष्मा.

"या किड्याला तुमच्या मालकांचं नाव आहे, बरोबर?"

"हो," वकील म्हणाला, "कंपनीला त्याचा अभिमान आहे."

"आणि तो फक्त या उतारावर, सात झाडांवर राहतो."

वकिलानं आपल्याकडची प्रत उलटली. त्याच्याकडची जुनी होती. "आमच्या माहितीप्रमाणे राखीव रानात..."

"छापलेल्यात तसं नाही. छापलेल्यात लिहिलंय, जुन्या आमिस्तादपासून." बाईंनी मान वर केली. "ही आमिस्ताद कुठे आहे?"

सभागृहात चाळीस माणसं होती. चाळीसच्या चाळीस जणांनी एकाच दिशेला हात केला. एव्हेलियोनंसुद्धा, कंपनीच्या गणवेशात. करून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं हात खाली घेऊन टोपी सारखी केली.

"मग तुमच्या मालकांच्याच नावाच्या प्राण्याचं घर तुम्हाला तोडायचंय," बाई म्हणाल्या. "त्यांना सांगितलंय का हे?"

परवानगी नाकारली. उतार आहे तिथे आहे. एव्हेलियोनं फाट्यावरची ढेकणाच्या चित्राची पाटी काढून आणली आणि मला विचारलं, कुठे ठोकू. तोबियासच्या पायरीशी ठोकली. लोक पत्ता अजून आमिस्तादपासूनच सांगतात, पाटीपासून कोणी सांगत नाही.

छापलेली प्रत अकराच्या बसनं आली. बाराव्या पानावर माझं नाव आहे, पूर्ण. मादीचं वर्णन आहे, अर्धं पान, मिशांच्या गाठी आणि ढालीची लांबी. आणि शेवटी दोन ओळी: "मादी अंड्यांजवळ व पिल्लांजवळ थांबते. नो. चाव्हारिया यांचं निरीक्षण."

दोन ओळी. अकरा वर्षं, आणि त्यांची स्वतःची तीन दिवसांची भरगच्च वही, आणि दोन ओळी! नराच्या त्या अवयवाला चार चित्रं!

मी त्याच दिवशी डॉक्टरांना पत्र लिहिलं आणि परतीच्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात दिलं. तो म्हणाला, "ढेकणांचं उत्तर वाटतं?" मी म्हटलं, हो. पत्रात एवढंच होतं:

"डॉक्टर, त्या अठरा दिवसांत ती काहीही खात नाही. त्यातले तीन दिवस तुम्ही स्वतः बघितलेत. लिहिलं नाहीत. का?"